मूल विसरत नाही, गप्प होतं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

एखादी आपत्ती कोसळली की आपण बातम्यांत आकडे ऐकतो. किती घरं पडली, किती माणसं गेली, किती मदत जाहीर झाली. त्या गडबडीत एक प्रश्न बहुधा मागे राहून जातो. जी मुलं वाचली, त्यांच्या मनात आता काय चाललंय? आज आपण याच प्रश्नावर बोलणार आहोत. आपत्ती म्हटली की भूकंप, पूर, दरड डोळ्यांसमोर येते. पण रस्त्यावरचा अपघात, घराला लागलेली आग, वडिलांनी केलेली आत्महत्या, रोजची मारहाण हीदेखील त्या एका मुलासाठी आपत्तीच असते. तिची बातमी होत नाही, एवढंच.

आपल्या महाराष्ट्राच्या आठवणीतला सगळ्यांत मोठा प्रसंग किल्लारीचा. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, दमून गावं झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी घरं होती. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं त्या भागातली सुमारे बाराशे मुलं पुण्याला आणली, त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. ती मुलं आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यानंतर ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. दर वेळी काही मुलं मागे उरली.

आणि दर वेळी अवतीभवतीची जाणती माणसं एक वाक्य बोलतात. ‘लहान आहे, विसरून जाईल.’ हे वाक्य मायेपोटी येतं. पण ते खरं नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चौचिला या लहान गावी जुलै १९७६ मध्ये शाळेची एक बस पळवली गेली. सव्वीस मुलं आणि त्यांचा चालक यांना जमिनीखाली पुरलेल्या एका मोठ्या गाडीत कोंडलं गेलं. कित्येक तासांनी ती सगळी स्वतःच माती उकरून बाहेर आली. कुणालाही मोठी इजा झाली नव्हती. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला, आता सगळं संपलं असं मानलं. लेनोर टेर नावाच्या बालमनोविकारतज्ज्ञ महिलेनं या मुलांची भेट घेतली, चार वर्षांनी पुन्हा घेतली. एकही मूल ते विसरलं नव्हतं. कुणाला तीच स्वप्नं पडत होती, कुणी तोच प्रसंग खेळात पुन्हापुन्हा खेळत होतं, कुणाला आपण फार जगणार नाही असंच वाटत होतं. मुलं त्याबद्दल बोलत नव्हती, म्हणून मोठ्यांना वाटत होतं की ती विसरली.

असं का होतं? आपल्या मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारी एक यंत्रणा असते. धोका दिसला की ती विचार करायला थांबत नाही. छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, माणूस पळतो, झुंजतो किंवा जागच्या जागी थिजतो. धोका टळला की घंटा बंद व्हायला हवी. पण प्रसंग फारच भयंकर असेल, तर ती नीट बंद होत नाही. मग त्या प्रसंगाशी जोडलेला एखादा आवाज, वास, दिवसाची एखादी वेळ एवढ्यानंही ती पुन्हा वाजते. गणपती बोळवल्याच्या रात्री ज्या मुलाचं घर पडलं, त्याला पुढच्या वर्षी ढोल-ताशा ऐकून घाम फुटला, तर त्यात नवल नाही. ते मूल नाटक करत नसतं. त्याच्या शरीराला खरोखरच वाटत असतं की ते पुन्हा घडतंय.

मोठा माणूस हे शब्दांत सांगू शकतो. मूल ते वागण्यातून सांगतं, आणि वयाप्रमाणे त्याची भाषा बदलते. तीन-चार वर्षांचं मूल आईचा पदर सोडत नाही, पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं, येत असलेलं बोलणं कमी होतं. शाळेत जाणाऱ्या मुलाचं पोट दुखतं, डोकं दुखतं, डॉक्टरांना काही सापडत नाही. अभ्यासात लक्ष लागत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून ते अंगावर धावून जातं. किशोरवयातली मुलं एकटी बसतात, रात्र रात्र जागतात, चिडतात, काही जण व्यसनाकडे किंवा जिवावरच्या धाडसाकडे वळतात.

आता समजा, चौथीतला एक मुलगा आहे. वडील गेल्याला तीन महिने झालेत. वर्गात दार जोरात आपटलं की तो दचकतो, बाई फळ्यावर लिहितात तेव्हा खिडकीबाहेर बघत बसतो, मधल्या सुट्टीत मारामारी करतो. त्याच्या प्रगतिपुस्तकावर काय शेरा येईल? ‘लक्ष नाही, वर्तन सुधारावे.’ त्या बाई वाईट नाहीत. पण ‘याला झालंय काय’ या रागाच्या जागी ‘याच्यावर काय गुजरलंय’ असा विचार त्यांच्या मनात आला, तर त्या मुलाचं पुढचं वर्ष वेगळं जाईल.

सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे मृत्यूबद्दल मुलाला सांगणं. आपण सहज म्हणतो, ‘बाबा परगावी गेलेत.’ मूल वाट पाहत राहतं. मग कधीतरी शेजारचं पोर त्याला खरं सांगतं, आणि त्या दिवशी मुलाचा वडिलांबरोबर आपल्यावरचा विश्वासही जातो. ‘आजी झोपलीय’ म्हटलं, तर मूल झोपायला घाबरतं. ‘देवाला चांगली माणसं आवडतात’ म्हटलं, तर मुलाला वाटतं, मग आपण चांगलं वागायला नको. पाच-सहा वर्षांपर्यंत मृत्यू कायमचा असतो हे मुलाला नीट उमगत नाही. ते पुन्हापुन्हा विचारतं, ‘बाबा कधी येणार?’ दर वेळी तेवढ्याच शांतपणे सांगावं लागतं. ‘बाबा वारले. त्यांचं शरीर काम करायचं थांबलं. ते आता परत येणार नाहीत. मी तुझ्याजवळ आहे.’ श्रद्धेनं ‘देवाघरी गेले’ म्हणायचं असेल तर जरूर म्हणावं, पण परत येणार नाहीत हेही त्याबरोबर सांगावं.

आणखी एक गोष्ट मुलाला न विचारता सांगायची असते. ‘यात तुझी काही चूक नाही.’ लहान मुलाला वाटतं, जगात जे घडतं ते आपल्यामुळे घडतं. मी हट्ट केला, मी त्या दिवशी बाबांशी बोललो नाही, म्हणून ते गेले. घरात आत्महत्या झाली असेल, तर ही टोचणी फार खोल जाते. विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी वडील गेलेल्या कितीतरी मुलांनी ती मनात धरली असेल. तिथे सगळा तपशील सांगायची गरज नसते. ‘बाबांच्या मनाला फार त्रास होत होता, त्यांना मदत मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. ते तुझ्यामुळे झालं नाही,’ एवढं पुरतं. पण एवढं तरी सांगायलाच हवं.

‘रडू नकोस, तू शहाणा ना?’ आणि ‘आता तूच घरातला कर्ता, आईला सांभाळ’ ही दोन वाक्यंही आपण टाळली पाहिजेत. दहा वर्षांचा मुलगा ती ऐकतो आणि खरोखर पाळतो. तो रडत नाही, खेळत नाही, आईसमोर हसतो. नातेवाईक कौतुक करतात, ‘किती समजूतदार झालाय!’ त्या समजूतदारपणाची किंमत तो पुढे मोजत राहतो.

मग करायचं काय? उत्तर साधं आहे, म्हणूनच ते आपल्याला खरं वाटत नाही. रोजच्या वेळेला जेवण, रोजच्या वेळेला अंथरूण, शक्य तितक्या लवकर शाळा. पत्र्याच्या शेडमधली का असेना. उद्या काय होणार हे मुलाला आधी सांगायचं. झोपताना जवळ कुणीतरी हवं, दिवा लावून झोपायचं असेल तर झोपू द्यायचं. खेळायला जागा आणि वेळ द्यायचा. मूल खेळात घर बांधून पाडत असेल, बाहुलीला पुरत असेल, तर ओरडून थांबवायचं नाही. ते आपल्या परीनं त्या प्रसंगाशी झगडत असतं. मात्र खेळ तसाच अडकून राहिला, प्रत्येक वेळी मूल जास्तच घाबरं होत गेलं, तर जवळ बसून हळूच विचारावं, ‘यांना वाचवायला कुणी येऊ शकेल का?’ आणि टीव्ही-मोबाइलवरची ती दृश्यं बंद करायची. एकच इमारत दहा वेळा पडताना दाखवली, तर लहान मुलाला दहा इमारती पडल्या असं वाटू शकतं.

बोलतं करण्याच्या नावाखाली मुलाला खोदून विचारू नये. घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकदाच सगळं सांगायला लावायचं, अशी एक पद्धत पूर्वी रूढ होती. तिचा उपयोग होत नाही, काहींना अपायही होतो, असं पुढे दिसून आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचं सार तीन शब्दांत सांगता येतं. पाहा, ऐका, जोडून द्या. कुणाला तातडीची गरज आहे ते पाहा. जो बोलेल त्याचं ऐका, जो बोलत नाही त्याच्याजवळ नुसते बसा. आणि त्याला त्याच्या माणसांशी, अन्न-निवाऱ्याशी, उपचारांशी जोडून द्या. यासाठी पदवी लागत नाही.

यातलं ‘त्याच्या माणसांशी’ हे फार महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी तिथल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली. त्यांना आढळलं की बॉम्बहल्ल्यापेक्षा आईपासून तुटणं अनेक लहान मुलांना जास्त जड गेलं. आई शांत असेल तर तिच्या कुशीतलं मूल बरंच सोसू शकत होतं. आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही हेच मानतो. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. नातेवाईक सांभाळायला तयार असतील पण ऐपत नसेल, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून मदत मिळू शकते. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे त्याची चौकशी करता येते.

याचा दुसरा अर्थ असा, की मुलाला सावरायचं तर आधी आईला, आजीला सावरावं लागतं. जिचा नवरा गेला, जिचं घर गेलं, ती रात्रभर छताकडे बघत पडली असेल, तर तिला ‘मुलाकडे लक्ष दे’ सांगून भागत नाही. तिच्या घरचा स्वयंपाक कुणी चार दिवस केला, मूल दोन तास कुणी खेळवलं, तहसील कचेरीत कुणी बरोबर गेलं, तर तो मुलावरचा उपचारच असतो. शेजारपाजार हे आपल्याकडचं जुनं औषध आहे.

बहुसंख्य मुलं अशा आधारानं हळूहळू सावरतात. ॲन मास्टेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या या चिवटपणाला साधीच जादू म्हटलं आहे, कारण त्यामागे असामान्य असं काही नसतं. प्रेमाचं एखादं माणूस, शाळा, मित्र, रोजचा दिनक्रम एवढंच असतं. पण काहींना तज्ज्ञाची गरज लागते. महिना उलटूनही मूल झोपत नसेल, शाळेत जात नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येऊन थरथरत असेल, तर बालमनोविकारतज्ज्ञाकडे न्यावं. मरणाबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर महिन्याची वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयात विचारता येतं. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते, आणि संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. बरे होणारे उपचार आहेत. औषधाविनाही, बोलण्यातून आणि हळूहळू भीतीला सामोरं जायला शिकवून खूप काही साधतं.

शेवटी मदत करणाऱ्यांविषयी. ढिगारे उपसणारे तरुण, पोलीस, परिचारिका, अंगणवाडी सेविका, शिक्षक. रोज दुसऱ्यांचं दुःख ऐकून त्यांचीही झोप उडते, जेवण जात नाही, किंवा उलट काहीच वाटेनासं होतं. हा दुबळेपणा नव्हे. जड ओझं उचलणाऱ्याचे खांदे दुखणारच. म्हणून पाळ्या लावून काम करावं, दिवसाअखेरी सोबत्यांशी चार शब्द बोलावे, घरी जावं, झोपावं. आणि निघताना मुलाला खोटं वचन देऊ नये. ‘उद्या येतो’ म्हणून न येणारी माणसं त्यानं पुष्कळ पाहिलेली असतात. ‘मी शनिवारपर्यंत आहे, त्यानंतर या ताई येतील,’ असं सांगावं, आणि ताईंची ओळख करून द्यावी.

गाड्या, कॅमेरे, पाहुणे पंधरा दिवसांत परत जातात. मुलाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. वर्षाचा तो दिवस पुन्हा येतो, तेव्हा ते गप्प होतं. त्या दिवशी त्याच्या शेजारी कोण बसणार, हे आपण आत्ताच ठरवून ठेवायला हवं.