भंगारातली पवनचक्की: माल स्वस्त, मग तोटा कसा?



या आठवड्याच्या व्हिडिओत माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर फिरणारी पवनचक्की तुम्ही पाहिलीत. "सर, कशी बनवली?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. सांगतो. पण सोबत माझ्या पहिल्या ऑर्डरचा हिशोबही वाचा, कारण खरा धडा तिथे आहे.

ही अमेरिकेतल्या शेतांवरच्या पवनचक्कीची नक्कल. डॅनियल हॅलडे यांनी १८५४ मध्ये तिथे वाऱ्याकडे आपोआप तोंड वळवणाऱ्या पवनचक्कीचं पेटंट घेतलं. ती विहिरीचं पाणी उपसायची. आपली फक्त शोभेची.

चाकाला मोटारसायकलचा जुना हब, कड्याला सायकलची रिम, जुन्या पत्र्याची बारा पाती आणि शेपटीला दुकानाचा जुना बोर्ड. सगळी पाती एकाच बाजूला, सारखीच तिरकी हवीत. चाक हाताने फिरवून सोडा. दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबलं, तर ती बाजू जड आहे. समोरच्या बाजूला वॉशर लावा. बेअरिंग मात्र नवीनच घ्या. तेल किंवा थिनरचा ड्रम पत्र्यासाठी ग्राइंडरने कापू नका, आत उरलेली वाफ पेट घेते. आणि वळवाच्या आधी चाक बांधून ठेवा.

आता हिशोब. ही चक्की पाहून कृषी पर्यटन चालवणारे एक काका म्हणाले, "मलाही एक करून दे." मी लगेच ५,००० रुपये सांगितले. भंगार १,८००, बेअरिंग-नटबोल्ट ६५०, रंग ७५०, पायाला सिमेंट-खडी ४००. एकूण ३,६००. म्हटलं, १,४०० सुटले!

कसले सुटले? वेल्डरची दोन दिवसांची मजुरी १,६०० आणि टेम्पो ९००. खर्च गेला ६,१०० वर. खिशातून १,१०० गेले, शिवाय माझे तीन दिवस फुकट. त्या तीन दिवसांत दुकानात गिऱ्हाईक आलं आणि परत गेलं, ते वेगळंच.

बीबीए केलेला माणूस मी, कॉस्टिंग शिकलेलो. तरी फसलो, कारण माल भंगारातला म्हणून माझा वेळही मी भंगाराच्या भावात धरला.

दुसऱ्या ऑर्डरला माझी रोजची मजुरी १,००० धरली. खर्च झाला ९,१००. भाव सांगितला ११,५००, घासाघीस होऊन ११,००० ला ठरलं. गिऱ्हाईक खूश आणि माझे १,९०० खरे सुटले.

तुम्ही केक करा, ब्लाउज शिवा नाहीतर फर्निचर बनवा. आज गल्ला बंद केल्यावर वही घ्या. तुमच्या एका वस्तूच्या खर्चात स्वतःची मजुरी लिहिली आहे का, ते बघा. नसेल, तर उद्याच भाव नव्याने काढा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!