तुर्कीचे आपत्ती अधिकारी भेटीला येतात, तेव्हा फाइलमध्ये काय हवं?

परदेशी पाहुण्यांचा दौरा म्हणजे पुष्पगुच्छ, फोटो आणि सामंजस्य करार, असं आपल्याला वाटतं. पाहुणे तुर्कीच्या 'आफाद'चे असतील, तर यजमान देशाला जास्त गृहपाठ करावा लागतो.

आफाद ही तिथली आपत्ती व्यवस्थापन संस्था. १९९९ च्या इझमित भूकंपात १७ हजारांहून अधिक बळी गेले. पुढे २००९ मध्ये वेगवेगळी खाती एकत्र करून आफाद उभी राहिली. ती आता गृह मंत्रालयाखाली आहे. त्यामुळे तयारीला परराष्ट्र खात्यासोबत गृह खातंही लागतं.

खरा प्रश्न वेळेचा. ६ फेब्रुवारी २०२३ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि तुर्कीने परदेशी मदत मागितली. भारताने 'ऑपरेशन दोस्त'मध्ये एनडीआरएफची पथकं, श्वान आणि लष्कराचं फील्ड हॉस्पिटल पाठवलं. ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी पहिले ७२ तास मोलाचे असतात. विमान उतरवायची परवानगी, श्वानांची कागदपत्रं, काँक्रीट कापायच्या यंत्रांना कस्टममधून सूट, डॉक्टरांना उपचाराची मुभा हे सगळं आधीच ठरलेलं हवं. दौऱ्याचा कस लागतो तो करारातल्या या रटाळ परिशिष्टांत.

एक अवघड प्रश्नही विचारायला हवा. नियम कडक असूनही ५० हजारांहून अधिक माणसं का गेली? २०१८ मध्ये पैसे भरून घेऊन बेकायदा बांधकामं नियमित केली गेली होती. (ओळखीचं वाटतंय ना?)

विम्याचं मात्र शिकण्यासारखं आहे. इझमितनंतर तिथे घरांना भूकंप विमा सक्तीचा झाला. वीज-पाण्याची जोडणी घेताना पॉलिसी दाखवावी लागते.