पाणी खारे असेल तरच कायदा जागा होणार काय?

उमरखेडपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तेव्हा सागरी किनारा नियमनाच्या परवानगीशी आम्हा पैनगंगेच्या खोऱ्यातील माणसांचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो जीवनमरणाचा आहे.

खाडीवर जुन्या पुलाच्या जागी नवा बांधायचा किंवा रस्ता वळवायचा, तर शासनालाही मन मानेल तसे करता येत नाही. 1991 पासून तेथे सीआरझेडचे नियम आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानंतर लोकहित सिद्ध केल्याखेरीज कांदळवनाला हात लावता येत नाही. हे नियम निर्दोष आहेत असे आम्ही म्हणत नाही. 2019 च्या अधिसूचनेने खाडीकाठचा संरक्षित पट्टा 100 मीटरवरून 50 मीटरवर आणला. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाने मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याची परवानगी रद्द केली, तर डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तरीही वरळीचे कोळी बांधव न्यायालयात आणि बाहेर लढत राहिले. होड्या सुखरूप जाव्यात म्हणून पुलाच्या खांबांमधील अंतर 60 मीटरवरून 120 मीटर करणे 2022 च्या अखेरीस शासनाला मान्य करावे लागले. पुलाखालून जाणाऱ्या माणसाचा शब्द पुलाच्या नकाशात उतरला!

हे नियम नदीत कोठवर चढतात? पाण्याच्या हजार भागांत क्षाराचे 5 भाग असतील तेथवर. मीठ संपले की नियम संपला. पैनगंगा पडली गोड्या पाण्याची! राज्याने 2000 साली नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले होते. ते उद्योगांपुरते होते, पण 2015 साली तेही रद्द केले. उरली ती निळी आणि लाल पूररेषा. गरिबाची झोपडी हटवताना ती रेषा साहेबांना नेमकी आठवते. ठेंगणा पूल बांधताना ती कोठे जाते?

28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरील पुलावरून एसटी बस पुरात वाहून गेली आणि माणसे मेली. त्याआधी 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळला, दोन एसटी बस प्रवाशांसह गेल्या. तेथे जून 2017 मध्ये नवा पूल खुला झाला. महामार्गासाठी वर्षभराच्या आत पूल होतो, तर खेड्यांच्या नाल्यांना वेगळा न्याय का?

नुसता पूल उंच करूनही भागत नाही. जोडरस्त्याचा भराव वाढवला आणि पाण्याला वाट अपुरी ठेवली, तर तो भरावच बांधासारखा पाणी अडवतो. ते पाणी वरच्या अंगाच्या सखल वस्तीत शिरते. गावाची सखल बाजू कोणाच्या वाट्याला आली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. रस्ता वळला की मोबदल्याची चर्चा सातबारावाल्यांची होते. वास्तविक 2013 च्या भूसंपादन कायद्यात त्या जमिनीवर आधीची तीन वर्षे पोट असलेला भूमिहीन मजूरही बाधित कुटुंबात मोडतो. हे त्याला कोण सांगणार?

बाबासाहेबांनी 1927 साली महाडला पाण्याचा हक्क मिळवण्यासाठी सत्याग्रह केला. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1945 साली कटकच्या परिषदेत त्यांनी पुराच्या पाण्याचा विचार माणसाच्या हिताच्या अंगाने मांडला. त्यांचे नाव घेणाऱ्या शासनाने एवढे तरी करावे. नाल्यावरील पूल मंजूर करण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा, वरच्या व खालच्या वस्त्यांचे म्हणणे लेखी घ्यावे, भूमिहीन बाधितांची यादी चावडीवर लावावी.

आपल्या तरुणांनीही बस वाहून जाण्याची वाट पाहू नये. पुलाचे काम निघाले की बांधकाम विभागात अर्ज देऊन नकाशा मागावा, भरावात पाण्याला वाट किती ठेवली ते पाहावे आणि ग्रामसभेत उभे राहून विचारावे. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हाती आहे, तो वापरावा.