घरी बांधलेल्या विमानाचा किफायतशीर वेग

कारखान्यातल्या विमानाबरोबर वेग आणि इंधनखर्चाचे तक्ते येतात. घरी बांधलेल्या विमानाचे आकडे बांधणाऱ्यालाच काढावे लागतात. आराखडा एकच असला तरी चाकांवरची आवरणे, पंख्याचा पिच आणि वजन प्रत्येक विमानात वेगळे असते.

विमानाला हवेचा रोध दोन प्रकारचा होतो. पृष्ठभागावरचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. उचल निर्माण करताना होणारा रोध त्याच प्रमाणात घटतो. दोन्ही समान होतात तिथे एकूण रोध सर्वांत कमी असतो. शांत हवेत दर मैलाला साधारण याच वेगाने कमीत कमी इंधन लागते. पण हा वेग कंटाळवाणा संथ असतो. विमान अभियांत्रिकीचे प्राध्यापक बी. एच. कार्सन यांनी सुचवलेला वेग त्याच्या १.३२ पट आहे: ८० नॉटऐवजी सुमारे १०५. रोध १५-१६ टक्के वाढतो, वेळ मात्र जवळजवळ चौथाईने वाचतो. सौदा वाईट नाही.

आपल्या विमानाचे हे आकडे काढण्यासाठी चाचणी पहाटे, हवा स्थिर असताना घेतात. उंची कायम ठेवून शक्ती थोडी थोडी कमी करायची, वेगाचा काटा स्थिरावेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबायचे, मग वेग आणि ताशी लिटर टिपायचे. वेगाला लिटरने भागले की दर लिटरचे अंतर मिळते. वेगमापकावर आंधळा विश्वास नको. तीन दिशांना उडून जीपीएसशी ताळा घ्यावा. समोरचा वारा असेल तर थोडे वेगाने, पाठीवर असेल तर सावकाश उडणे परवडते. टाकी रिकामी होऊन वजन घटत जाईल तसा किफायतशीर वेगही उतरतो.