घंटा आली, बोल मागेच राहिले

१९७६ साली निघालेल्या ‘डोन्ट फिअर द रीपर’ या गाण्यात काऊबेल नेमकी कोणी वाजवली, यावर अजून एकमत नाही. ब्लू ऑयस्टर कल्ट या अमेरिकन बँडचा तेव्हाचा ड्रमर अल्बर्ट बूशार्ड म्हणतो, मी वाजवली. त्या ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्यांपैकी एक, डेव्हिड ल्यूकस, यांनीही श्रेय स्वतःकडे घेतलं. गायक एरिक ब्लूमचाही दावा आहेच. पत्र्याच्या एका घंटेच्या सातबाऱ्यावर तीन नावं! आणि गंमत म्हणजे पहिली चोवीस वर्षं या प्रश्नाशी फारसं कोणाला देणंघेणं नव्हतं.

ते आलं ८ एप्रिल २००० च्या रात्री. अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात या ध्वनिमुद्रणावरचं एक प्रहसन झालं. पोटावर न पुरणारा शर्ट घातलेला विल फेरेल जिवाच्या आकांताने काऊबेल बडवतो, बाकीचे वादक कावतात आणि निर्माता झालेला ख्रिस्तोफर वॉकन कमालीच्या गंभीर चेहऱ्याने ती आणखी हवी म्हणून हटून बसतो. फेरेलचं पात्र निव्वळ काल्पनिक होतं. पण त्या रात्रीपासून काऊबेल हा विनोद झाला, आणि रॉक मैफलीत गर्दीतून कोणीतरी ‘आणखी काऊबेल’ असं ओरडणं हा शिरस्ता.

प्रहसन फर्मास आहे, वाद नाही. मात्र त्याने समज उलटा करून ठेवला. मूळ गाणं हेडफोन लावून ऐकलं तर घंटा चांगलीच मागे आहे, आणि तिचा आवाजही ठणठणीत नाही. बूशार्डच्या सांगण्यानुसार घंटेला चिकटपट्टी गुंडाळून तिची गुंज मारली होती. गाणं मरणावरचं. हृदयाच्या दुखण्यामुळे आपण लवकर जाणार की काय, या विचारातून गिटारवादक डोनाल्ड रोझरने ते लिहिलं. मागे दर मात्रेला पडणारा तो बसका ठोका ‘आणखी’ केला असता तर गाण्याची रयाच गेली असती.

मुळात ही घंटा आहे काय? पोलादी पत्रा दुमडून, कडा जोडून केलेली चपटी, तोंडाकडे रुंद होत गेलेली नळी. गुरांच्या गळ्यातल्या घंटेत लोलक असतो, इथे तो नाही. ठोका बाहेरून काठीने. काठीचा जाड भाग तोंडाच्या कडेवर मारला तर मोठा, मोकळा आवाज निघतो. टोक अंगावर टेकवलं तर कोरडा, आखूड. देवळातल्या घंटेसारखा नाद लांबत नाही आणि सूरही धड एक लागत नाही. म्हणूनच ती कुठल्याही पट्टीतल्या गाण्यात खपते आणि गिटारांच्या गदारोळातूनही कानावर येते.

तिचं घराणं मात्र गोठ्यातलं नाही, निदान संगीतापुरतं तरी. पश्चिम आफ्रिकेत घाना-टोगोकडच्या एवे समाजात गांकोगुई नावाची लोखंडी जोडघंटा आहे. तिच्यावर बारा मात्रांत सात ठोके पडतात. अंतरं दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. हे टाळीवर धरून बघा, तिसऱ्या आवर्तनापर्यंत समेचा पत्ता लागणं कठीण होईल. मुख्य ढोलवादक वाटेल तसा फिरो, घंटा आपलं आवर्तन सोडत नाही. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनात लेहऱ्याचं जे काम, ते तिथे घंटेचं. तिथे ती कायद्याची राखणदार असते, शोभेची वस्तू नाही.

गुलाम म्हणून क्यूबात नेलेल्या आफ्रिकनांनी ही रीत हाताला लागेल त्या लोखंडावर चालू ठेवली. कुदळीचं पातं वाजवलं, गुरांच्या घंटेतला लोलक काढून तिला वाद्य केलं. पुढच्या क्यूबन वाद्यवृंदांत आणि साल्सात घंटांची कामं वाटलेली असतात. टिंबाली ही ढोलजोडी वाजवणाऱ्याची घंटा वेगळी, आणि गाणं रंगात येऊन मोंतुनो हा सवाल-जवाबाचा भाग सुरू झाला की बोंगोवाला बोंगो खाली ठेवून हातात मोठी घंटा घेतो. तोंडाकडे उघडा ठोका, अंगावर बंद. दोघांच्या घंटा एकमेकींच्या फटींत बसतात. त्याला बोल आहेत, व्याकरण आहे.

अमेरिकेत घंटा दोन वाटांनी पोचली. १९२० च्या आसपास जॅझ ड्रमरच्या संचात ती लाकडी ठोकळ्यांशेजारी होतीच, पण गमतीच्या आवाजांसाठी. दुसरी वाट न्यूयॉर्कच्या लॅटिन वस्त्यांची. क्यूबाशी व्यापार बंद झाला, तिथली वाद्यं येईनाशी झाली, तेव्हा मार्टिन कोहेन या इंजिनीअरने ती स्वतःच करायला घेतली. १९६४ साली त्याने काढलेली लॅटिन पर्कशन ही कंपनी पुढे साल्सावाल्यांना आणि रॉकवाल्यांनाही घंटा पुरवू लागली. राजकारणाने वाट अडवली म्हणून एक धंदा उभा राहिला.

रॉकने या सगळ्यातून उचललं काय? माझं स्पष्ट मत आहे की घंटा उचलली, बोल सोडून दिले. क्यूबन नाचांत सगळ्यात सरळ ठोका चा-चा-चाचा, दर मात्रेला एक. १९५० च्या दशकात हा नाच अमेरिका-युरोपभर गाजला होता, आणि रॉकची घंटा तिथून आली असावी हा माझा तर्क. बीटल्सच्या १९६४ च्या ‘यू कान्ट डू दॅट’मध्ये ती आहे, पुढच्या वर्षीच्या ‘ड्राइव्ह माय कार’मध्येही. माउंटन बँडच्या ‘मिसिसिपी क्वीन’ची सुरुवात तर प्रसिद्धच, ड्रमर कॉर्की लेंगने वादकांना मोजणी देण्यासाठी मारलेले ठोके तसेच गाण्यात राहिले. ग्रँड फंकचं १९७३ चं ‘वी आर अॅन अमेरिकन बँड’ याच पठडीतलं. ऐकायला मजा येते, पण घंटा इथे हवालदाराची शिट्टी झाली आहे.

चेंबर्स ब्रदर्सनी मात्र या सरळपणाचंच सोनं केलं. मिसिसिपीत चर्चची गाणी गात वाढलेले हे भाऊ. १९६७ च्या अल्बमवरचं त्यांचं ‘टाइम हॅज कम टुडे’ अकरा मिनिटांचं आहे. दोन वेगळ्या आवाजांच्या ठोक्यांनी त्यात घड्याळाची टिकटिक केली आहे, आणि मध्येच ते घड्याळ मंदावत जातं. मोजणीच डळमळली की ऐकणारा अस्वस्थ होतो, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आणि मग रोलिंग स्टोन्सचं ‘हॉन्की टाँक विमेन’, जुलै १९६९. सुरुवातीला फक्त घंटा. वाजवणारा बँडमधला नव्हे, निर्माता जिमी मिलर. ब्रुकलिनचा, स्वतः ड्रमर. ठोके सरळ नाहीत, अडखळत चालल्यासारखे आहेत. पाऊल कुठे पडतंय याचा अंदाज आपण बांधतो न बांधतो तोच चार्ली वॉट्सचे ड्रम येतात आणि तो अंदाज चुकवतात. मग कीथ रिचर्ड्सची गिटार येते आणि सगळं जागेवर बसतं. वॉट्सने नंतर कबूल केलं की मिलर तरी चुकीच्या जागी आला किंवा मी तरी, कीथ बरोबर आला म्हणून निभावलं. आणि मंचावर ही सुरुवात रेकॉर्डसारखी आम्ही कधीच वाजवली नाही, असंही तो म्हणाला. माझ्या मते रॉकमधली सर्वांत चांगली काऊबेल हीच. कारण काही क्षण का होईना, इथे घंटा प्रश्न विचारते. बारा मात्रांत सात ठोके घालणाऱ्यांना ही सुरुवात ऐकून हसू येणार नाही.

पुढे यंत्राने घंटेतला पत्राही काढून टाकला. जपानी रोलँड कंपनीच्या १९८० च्या टीआर-८०८ या रिदम मशीनमधली काऊबेल म्हणजे सुमारे ५४० आणि ८०० हर्ट्झवर चालणाऱ्या दोन विद्युतलहरी एकत्र करून झटकन विझवलेल्या, बस्स. खऱ्या घंटेशी तिचं साम्य नावापुरतंच, तरी व्हिटनी ह्यूस्टनच्या १९८७ च्या ‘आय वॉना डान्स विथ समबडी’मध्ये ती खणखणते आणि आता लाखो कानांना काऊबेल म्हणून तीच ओळखीची आहे.

१९९१ साली वाद्यकंपन्यांनी जनरल मिडी हे समान प्रमाण ठरवलं, तेव्हा तालवाद्यांच्या यादीत छप्पन्न क्रमांक काऊबेलला मिळाला. घरात कीबोर्ड असेल तर ड्रमकिटचा आवाज लावा आणि मधल्या ‘सी’च्या डावीकडची दुसरी काळी पट्टी, म्हणजे आपल्या गायकांची काळी चार, दाबून बघा. बहुतेक कीबोर्डांवर काऊबेल तिथेच आहे. मग तिच्यावर ते दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक वाजवायचा प्रयत्न करा.