फ्रँकफुर्ट ते कोलोन: आधी मार्ग ठरवा, मग तिकीट

विमान फ्रँकफुर्टला उतरतं आणि पुढे जायचं असतं कोलोनला. कुणी शिकायला निघालेलं असतं, कुणी नोकरीला, कुणी औद्योगिक प्रदर्शनाला, तर कुणी तिकडे स्थायिक झालेल्या लेकीकडे चार महिने राहायला. निघण्याआधी ओळखीपाळखीतून सल्ले मिळतात: सरळ आयसीई पकडा, तिकीट असलं की कुठल्याही गाडीत चालतं, जर्मनीत गाडीला उशीर होतच नाही. यातला प्रत्येक सल्ला अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत परक्या देशात, हातात दोन जड बॅगा घेऊन, युरोत मोजावी लागते.

ती टाळण्यासाठी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जर्मनीत तिकीट नुसतं दोन शहरांमधलं नसतं. ते कोणत्या मार्गाचं आणि कोणत्या प्रकारच्या गाडीचं आहे, यावर सगळं ठरतं. फ्रँकफुर्ट-कोलोन हे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

गैरसमज १: दोन शहरांमध्ये मार्ग एकच, फरक फक्त गाडीच्या वेगाचा.

वस्तुस्थिती: इथे निदान चार मार्ग आहेत. पहिला, फक्त वेगवान गाड्यांसाठी बांधलेला नवा लोहमार्ग. तो फ्रँकफुर्ट विमानतळावरून लिंबुर्ग, मोंटाबाउर आणि झीगबुर्ग असा जातो. दुसरा ऱ्हाइन नदीच्या डाव्या काठाने माइन्झ, कोब्लेन्झ, बॉन असा जाणारा जुना मार्ग. तिसरा उजव्या काठाने वीसबाडेन आणि र्‍यूडेसहाइमवरून. चौथा नदीपासून दूर, डोंगराळ भागातून गीसेन आणि झीगेनवरून.

नवा मार्ग २००२ मध्ये सुरू झाला. जुन्या मार्गाने २२२ किलोमीटर असलेलं अंतर त्याने १७७ किलोमीटरवर आणलं. गाड्या ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावतात आणि प्रवास तास-सव्वा तासात उरकतो. हेच अंतर ऱ्हाइनकाठच्या लांब पल्ल्याच्या गाडीने कापायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. नुसत्या रिजनल गाड्यांनी गेलात तर सव्वातीन ते चार तास धरून चाला.

गैरसमज २: आयसीई म्हटली की ती वेगवान मार्गानेच जाणार.

वस्तुस्थिती: आयसीई हे एका गाडीचं नाव नाही, जर्मनीच्या वेगवान गाड्यांच्या कुटुंबाचं आहे. त्यातल्या सगळ्यांना नव्या मार्गावर प्रवेश नाही. हा मार्ग ए-३ महामार्गाला बिलगून डोंगररांगा ओलांडतो. त्यावर ३० बोगदे आहेत आणि चढ काही ठिकाणी हजार मीटरला ४० मीटर, म्हणजे २५ मीटरला १ मीटर इतका आहे. आपल्या बोरघाटात चढ ३७ मीटरला १ मीटर आहे आणि तिथेही कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. कोलोनच्या मार्गावर त्याहून तीव्र चढ गाडी कुठलंही जादा इंजिन न लावता चढते, कारण तिची ताकद एका इंजिनात साठवलेली नसते. गाडीभर अनेक डब्यांखाली मोटारी विखुरलेल्या असतात, त्यामुळे चाकांची पकड सुटत नाही.

अशी रचना नसलेल्या किंवा या मार्गासाठी मंजुरी नसलेल्या गाड्या आजही नदीकाठानेच जातात. व्हिएन्नाकडून येणाऱ्या काही आयसीई अनेक वर्षं माइन्झ-कोब्लेन्झ-बॉन अशाच धावत आल्या आहेत. म्हणून गाडीचं नाव पाहून निर्णय घेऊ नका, मधले थांबे उघडून पाहा. यादीत मोंटाबाउर किंवा झीगबुर्ग दिसलं, किंवा विमानतळानंतर थेट कोलोन आलं, तर गाडी वेगवान मार्गाची. कोब्लेन्झ दिसलं तर नदीकाठची.

गैरसमज ३: आयसीईतून जाताना ऱ्हाइनची दरी आणि किल्ले दिसतील.

वस्तुस्थिती: नव्या मार्गावरून ती दरी दिसत नाही. दिसतात ते बोगदे, आवाज अडवणाऱ्या भिंती आणि महामार्गावरचे ट्रक. किल्ले बघायचे असतील तर नदीकाठची गाडी घ्यायला हवी, शक्यतो डाव्या काठाची.

बिंगेन-र्‍यूडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंतच्या सुमारे ६५ किलोमीटरच्या दरीला युनेस्कोने २००२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हे तेच वर्ष, ज्यात घाईच्या प्रवाशांसाठी नवा मार्ग खुला झाला. फ्रँकफुर्टकडून कोलोनकडे जाताना या गाडीत उजव्या हाताच्या खिडकीशी बसावं, नदी त्याच बाजूला असते. बिंगेन सोडलं की उतारांवर द्राक्षमळे सुरू होतात. बाखाराख मागे पडल्यावर काउबसमोर नदीच्या ऐन मध्यावर जहाजाच्या आकाराचा पांढरा गढीवजा किल्ला दिसतो. त्याचं नाव फाल्झग्राफेनश्टाइन. येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींकडून जकात वसूल करायला तो बांधला होता. पुढे ओबरवेझेल सोडल्यावर गाडी लागोपाठ छोट्या बोगद्यांत शिरते, त्यांची तोंडं किल्ल्याच्या बुरुजांसारखी घडवलेली आहेत. त्याच वळणावर समोरच्या काठाला लोरेलायचा उंच कडा उभा आहे. बोगदे आणि कडा इतके जवळ आहेत की मान दुसरीकडे वळवली की तो हुकतोच. पुढे सांक्ट गोआर आणि बोपार्ड करत गाडी कोब्लेन्झला पोहोचते. तिथे मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते.

ज्याला वेळ आहे त्याच्यासाठी हा जास्तीचा एक तास वाया जात नाही, प्रवासातला तोच सर्वांत मोलाचा तास ठरतो. आई-वडील पहिल्यांदा येत असतील तर निदान एकदा त्यांना या बाजूने न्यावं, असं मी आवर्जून सांगेन.

गैरसमज ४: तिकीट असलं की त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीत बसता येतं.

वस्तुस्थिती: लांब पल्ल्याच्या तिकिटांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. फ्लेक्सप्राइस महाग असतं, पण ठरलेल्या मार्गावरची त्या दिवसाची कुठलीही गाडी घेता येते. श्पारप्राइस आणि सुपर श्पारप्राइस स्वस्त असतात, पण ती विशिष्ट गाडीला बांधलेली असतात. सकाळी ९ च्या आयसीईचं श्पारप्राइस घेतलं असेल तर १० ची आयसीई रिकामी धावली तरी तिच्यात ते चालत नाही. ही अट लांब पल्ल्याच्या गाडीला असते, त्याच तिकिटातल्या रिजनल टप्प्याला नसते. सुपर श्पारप्राइस रद्द करून पैसेही परत मिळत नाहीत.

फ्लेक्सप्राइसवरही मार्ग छापलेला असतो. नदीकाठचा मार्ग सहसा स्वस्त पडतो, आणि ते तिकीट घेऊन वेगवान मार्गाच्या गाडीत बसलात तर फरक भरावा लागतो. वैध तिकीट नसलं तर दंड किमान ६० युरो. तिकिटावरची मार्गाची ओळ एकदा नीट वाचून घ्यावी, म्हणजे ही वेळच येत नाही.

गैरसमज ५: आरक्षण नसेल तर आयसीईत चढता येत नाही.

वस्तुस्थिती: आपल्याकडच्या आरएसी आणि वेटिंग लिस्टच्या सवयीमुळे हा समज घट्ट बसलेला आहे. जर्मनीच्या देशांतर्गत आयसीईत तिकीट आणि आसनाचं आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट म्हणजे प्रवासाचा हक्क. आरक्षण थोडे जास्त पैसे देऊन स्वेच्छेने घ्यायचं. आसनाजवळच्या छोट्या फलकावर कुठून कुठपर्यंत जागा राखीव आहे ते दिसतं. फलक कोरा असेल तर खुशाल बसा. राखीव जागेवर गाडी सुटल्यापासून १५ मिनिटांत कुणी आलं नाही तर तो हक्कही संपतो.

शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी गाड्या भरून जातात, तेव्हा मात्र आरक्षण घेतलेलं बरं, विशेषतः सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर. आणि कोलोनहून पुढे ब्रसेल्स-पॅरिसला युरोस्टारने जायचं असेल तर तिथे आसन ठरलेलंच असावं लागतं.

गैरसमज ६: डॉइचलांड-टिकीट काढलं की जर्मनीभर कुठल्याही गाडीने फिरा.

वस्तुस्थिती: हे मासिक तिकीट १ मे २०२३ ला ४९ युरोंत सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ युरो झालं आणि २०२६ पासून ६३ युरो. रिजनल एक्सप्रेस, रिजनलबान, एस-बान, यू-बान, ट्राम आणि शहरातल्या बस यांत ते देशभर चालतं. आयसीई, आयसी आणि युरोसिटी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ते चालत नाही. त्यामुळे फ्रँकफुर्ट-कोलोनचा वेगवान मार्ग या तिकिटावर बंदच समजावा. मधलं लिंबुर्ग स्यूड हे स्टेशन तर असं आहे की तिथे फक्त आयसीईच थांबते. लिंबुर्ग शहरात रिजनल गाडीने जायचं तर गावातलं जुनं स्टेशन गाठावं लागतं.

या तिकिटावर नदीकाठाने जाता येतं: आधी रिजनल एक्सप्रेसने कोब्लेन्झ, तिथे गाडी बदलून बॉनवरून कोलोन. झीगेनवरूनही जाता येतं. हे तिकीट वर्गणीचं असतं. त्या महिन्याअखेर थांबवायचं असेल तर १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. एका राज्यापुरतं दिवसाचं तिकीटही इथे पुरत नाही, कारण नदीकाठाने जाताना हेसेन, ऱ्हाइनलांड-फाल्झ आणि नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन अशी तीन राज्यं लागतात.

गैरसमज ७: जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर चालतात, म्हणून गाडी बदलायला सहा मिनिटं पुरतात.

वस्तुस्थिती: २०२४ मध्ये जर्मन रेल्वे कंपनी डॉइचे बानच्या (डीबी) लांब पल्ल्याच्या गाड्यांची वक्तशीरता ६२.५ टक्के होती. त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवरच धरला जातो आणि रद्द झालेल्या गाड्या हिशेबात येत नाहीत. अनेक वर्षं दुरुस्ती रेंगाळलेलं जाळं आणि त्यावरची गाड्यांची दाटी ही त्याची मोठी कारणं आहेत. आता महत्त्वाचे मार्ग महिनोन्महिने पूर्ण बंद ठेवून नव्याने बांधून काढले जात आहेत. फ्रँकफुर्ट-मानहाइम मार्ग २०२४ मध्ये जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत असाच बंद होता. ऱ्हाइनच्या उजव्या काठासाठी २०२६ चा उत्तरार्ध नेमलेला आहे. त्यामुळे मार्ग निवडताना जुन्या अनुभवावर विसंबू नका, प्रवासाच्या तारखेचं वेळापत्रक पाहा.

डीबी नॅव्हिगेटर ॲपमध्ये गाडी बदलण्यासाठी किमान किती वेळ हवा ते आपण ठरवू शकतो. सामान असेल तर २० मिनिटं ठेवावीत. फक्त रिजनल गाड्या दाखवा, किंवा अमुक स्टेशनावरून जाणारा मार्ग दाखवा, असंही तिथे सांगता येतं. शोधात मधलं स्टेशन म्हणून कोब्लेन्झ टाकलं की नदीकाठचे पर्याय समोर येतात.

गैरसमज ८: उशिरामुळे पुढची गाडी चुकली तर स्वस्त तिकीट बुडालं.

वस्तुस्थिती: शेवटच्या स्टेशनावर २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की विशिष्ट गाडीचं बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. एक तासाच्या उशिराला भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के परत मिळतात. रेल्वेच्या हाताबाहेरच्या काही असाधारण कारणांना ही भरपाई लागू नसते. अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. अनेक जण तो करतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं. हा आपला हक्क आहे.

मात्र हे संरक्षण एकसंध तिकिटाला असतं. डॉइचलांड-टिकिटावर रिजनल गाडीने स्टेशन गाठायचं आणि तिथून श्पारप्राइसची आयसीई पकडायची, असं केलंत तर ते दोन वेगळे करार होतात. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे आयसीई चुकली तरी दुसऱ्या तिकिटाचं बंधन सुटत नाही. अशा वेळी एक गाडी आधीची पकडावी.

गैरसमज ९: आधी शहरातलं मुख्य स्टेशन गाठावं, मग पुढची गाडी.

वस्तुस्थिती: विमानतळावर लांब पल्ल्याचं स्वतंत्र स्टेशन १९९९ पासून आहे. रिजनल गाड्यांचं स्टेशन वेगळं आहे. फ्रँकफुर्टच्या मुख्य स्टेशनावरून सुटणाऱ्या बऱ्याच कोलोन-आयसीई विमानतळावर थांबतात. शिवाय स्टुटगार्ट आणि मानहाइमकडून येणाऱ्या कित्येक गाड्या मुख्य स्टेशनाला न जाता थेट विमानतळावर येतात. विमानातून उतरून उलट शहरात जाण्याचं कारण नाही.

कोलोनलाही काही आयसीई मुख्य स्टेशनाऐवजी नदीपलीकडच्या कोलोन मेस्से-डॉइट्झला थांबतात. घाबरू नका, तिथून एस-बान पूल ओलांडून काही मिनिटांत मुख्य स्टेशनावर पोहोचवते. प्रदर्शनाला जाणाऱ्यांना तर डॉइट्झच सोयीचं आहे, प्रदर्शनाची दालनं तिथेच आहेत. आणि तिकीट काढताना फ्रँकफुर्टपुढे माइन लिहिलंय ना, ते तपासा. ओडर नदीवरचं फ्रँकफुर्ट हे पोलंडच्या सीमेवरचं वेगळं शहर आहे.

मग कोणता मार्ग घ्यावा?

लांबच्या विमानप्रवासाने थकला असाल, सोबत लहान मूल असेल किंवा कामाची वेळ ठरलेली असेल, तर विमानतळावरून वेगवान मार्ग. विमानाला उशीर होऊ शकतो, म्हणून त्या दिवशी गाडीला बांधलेलं तिकीट टाळा, किंवा उतरण्याच्या वेळेनंतर भरपूर अवधी ठेवून घ्या. दिवस मोकळा असेल आणि ऊन पडलं असेल, तर डावा काठ आणि उजवी खिडकी. विद्यार्थी असाल, खिशात डॉइचलांड-टिकीट असेल, तर कोब्लेन्झला गाडी बदलून निवांत जा, वेगळा पैसा लागणार नाही. एखाद्या दिवशी नदीकाठची वाहतूक अडली, तर झीगेनचा मार्ग आहे हेही लक्षात असू द्या.

आपल्याकडे किती वेळ आहे, सामान किती आहे आणि हातातलं तिकीट कोणतं आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं घरीच काढली, तर अनोळखी स्टेशनावरही प्रवासी गोंधळत नाही. पैसे देण्याआधी मधले थांबे वाचायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं प्रत्येकाने काढावीत.