हेब्रिडीजची लॉखे आणि समुद्रातून परतणारे मासे

स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरात पसरलेल्या आउटर हेब्रिडीज या द्वीपमालेतील लुईस आणि साउथ यूइस्ट या बेटांवर तळी इतकी दाट आहेत की नकाशावर सलग जमीन शोधावी लागते. येथे गोड्या पाण्याच्या तळ्याला 'लॉख' म्हणतात, तसेच जमिनीत खोल शिरलेल्या खाडीलाही लॉखच म्हणतात, आणि ट्राउट व सामन यांच्या मासेमारीसाठी ही बेटे शतकाहून अधिक काळ प्रसिद्ध आहेत.

साउथ यूइस्टच्या पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने आत येऊन जी सुपीक गवताळ पट्टी तयार झाली, तिला 'माखेर' म्हणतात. चुनखडीयुक्त मातीमुळे तेथील उथळ लॉखांत गोगलगाई आणि इतर बारीक जीव विपुल असतात व त्यांच्यावर तपकिरी ट्राउट चांगला पोसतो. पूर्वेला डोंगरांच्या पायथ्याशी मात्र पाणी पीटमधून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-गवताच्या काळ्या थरांतून झिरपते, त्यामुळे ते आम्लधर्मी होते आणि तोच मासा तेथे लहान व सावळा राहतो. याच जातीचे काही मासे समुद्रात जाऊन चंदेरी होऊन परततात, त्यांना सी ट्राउट म्हणतात. एका लहान बेटावर एकाच माशाचे इतके अवतार पाहायला मिळणे दुर्मीळच.

सामनचे खरे वैभव लुईस बेटावरील ग्रिमर्स्टा नदीत आहे. (मुंबईच्या बाजारात 'इंडियन सामन' म्हणून मिळणारा रावस वेगळ्या कुळातला आहे.) लांगावाट या मोठ्या लॉखातून निघालेले पाणी तळ्यांच्या साखळीतून वाहत रोग या समुद्री लॉखात पोहोचते. नदीची वाट अगदी आखूड असली, तरी पाऊस पडून पाणी चढल्याशिवाय अंडी घालायला निघालेला सामन ती चढू शकत नाही. 1888 च्या कोरड्या उन्हाळ्यात मासे मुखाशी खोळंबून राहिले, तेव्हा वरच्या लॉखाचे तोंड बांध घालून अडवले गेले आणि साठलेले पाणी एकदम सोडून कृत्रिम पूर आणला गेला, अशी हकीकत सांगितली जाते. त्या ऑगस्टमध्ये नेलर नावाच्या एका शिकाऱ्याने एकाच दिवसात 54 सामन पकडल्याची नोंद आजही आदराने उच्चारली जाते.

गोड्या पाण्यात आलेला सामन सहसा काही खात नाही, तरीही केस आणि पिसे गळावर बांधून केलेल्या 'माशी'वर तो झडप घालतो. काळ्या अंगावर चंदेरी तार गुंडाळलेली 'ब्लॅक पेनेल' ही माशी येथे फार चालते. होडी वाऱ्याला आडवी ठेवून हळूहळू वाहू देण्याचे काम 'गिली' करतो. गिली म्हणजे पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेला स्थानिक वाटाड्या. पाण्याखालचा कोणता खडक कोणत्या वाऱ्यात मासा धरून ठेवतो, हे त्याला ठाऊक असते, आणि एका वल्ह्याच्या हलक्या दाबाने तो होडी नेमकी तेथून नेतो. हे ज्ञान पाण्यावर वर्षे घालवूनच हाती येते, म्हणून नव्या पिढीने ते उचलले नाही तर ते पुन्हा उभे करणे कठीण आहे. रविवारी सामनची मासेमारी स्कॉटलंडच्या कायद्यानेच बंद असते.

मात्र या वैभवाला ओहोटी लागली आहे. खाड्यांमध्ये पिंजऱ्यांत सामन वाढवला जातो आणि त्या दाटीत समुद्री उवा नावाचे परजीवी फोफावतात; समुद्राकडे निघालेली सामन आणि सी ट्राउटची पिल्ले जवळून जाताना त्यांना त्या चिकटतात व कोवळी त्वचा कुरतडतात. समुद्राचे वाढते तापमान हेही ऱ्हासाचे एक कारण मानले जाते. 2023 मध्ये ब्रिटनमधील अटलांटिक सामनची गणना संकटग्रस्तांत करण्यात आली. ज्या नद्यांत संख्या घटली आहे तेथे पकडलेला सामन परत सोडणे 2016 पासून बंधनकारक आहे आणि येणारे शिकारी तो नियम पाळतात. लॉख रोगच्या पाण्यात मात्र पिंजरे अजून उभे आहेत, आणि ग्रिमर्स्टाकडे जाणाऱ्या माशांची वाट त्याच पाण्यातून जाते.